कडेला बसणारे कनेक्टर: तापमान नव्हे, उष्णता कमी पडते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. साधारण ३० मिमी लांबीचे, दोन लेयरचे, १.६ मिमी जाडीचे बोर्ड. एका कडेला एसएमए कनेक्टर (रेडिओ केबल आट्यांनी आवळून जोडायचा), समोरच्या कडेला दोन ओळींचा पिन हेडर, तोही बोर्डाला वरून-खालून धरून बसणारा. छोटं वर्कशॉप, सगळं हाताने. तक्रारी अशा: एसएमएच्या ग्राउंडच्या पायांवर सोल्डर पसरत नाही, गोळा होऊन बसतो, आयर्न (सोल्डर वितळवायचं तापतं हत्यार) ४५० अंशांवर नेला की पॅड (बोर्डावरचा सोल्डर करायचा तांब्याचा तुकडा) उचकटतो, कनेक्टर जरा तिरका राहतो, आणि काही बोर्ड टेबलावर नीट चालतात, पण केबल आवळली की सिग्नल जातो. विचारलंय ते इतकंच, की टिप कोणती आणि तापमान किती.

दोन्ही सांगतो, पण नुसतं त्याने काम होणार नाही. या चारही तक्रारींच्या मुळाशी मला दोनच गोष्टी दिसतात. एक, बोर्डाची कड आणि कनेक्टरचं अंग एकमेकांना टेकलेलंच नाही. दोन, कनेक्टरच्या पितळी अंगापर्यंत पुरेशी उष्णता पोचत नाही, आणि ती उणीव तुम्ही तापमान वाढवून भरून काढताय.

आधी कड. पॅनेलमधून, म्हणजे अनेक बोर्ड एकत्र असलेल्या मोठ्या तुकड्यातून, तोडलेल्या बोर्डाच्या कडेला जिथे जोडपट्ट्या होत्या तिथे काचतंतूंची खुंटं राहतात. डोळ्याला ती नगण्य वाटतात, पण अर्ध्या मिलिमीटरचं खुंट कनेक्टरला तेवढंच मागे ढकलतं, आणि ते एका बाजूला असेल तर कनेक्टर तिरका बसतो. तुमचा तिरकेपणा बहुतेक इथूनच आलाय, हात थरथरल्यामुळे नाही. बारीक दातांची सपाट कानस घ्या आणि ती कडेच्या लांबीच्या दिशेने चालवा. कडेला आडवी, वर-खाली चालवली तर बाहेर जाणारा दात तांब्याचा थर आणि त्यावरचा सोल्डर मास्कचा रंगीत लेप दोन्ही उचलतो. कड सपाट झाली की नख फिरवून बघा. वरच्या किंवा खालच्या बाजूला तांब्याची धार लागत असेल तर ती बारीक पॉलिश पेपरने मोडा. हीच धार पुढे मधली पिन आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट करते. हा भुसा काचेचा असतो. तोंडाला मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, हवेच्या झोताने उडवू नका.

मग बोर्ड कोरडाच कनेक्टरच्या पायांमध्ये सरकवून उजेडासमोर धरा. कनेक्टरच्या मागच्या सपाट चेहऱ्यात आणि कडेत उजेडाची रेघ दिसता कामा नये. ही फट केवळ दिसायला वाईट म्हणून बुजवायची नाही. मधल्या पिनमधून जाणारा करंट ग्राउंडमधून परत येतो. फट असेल तर परतीचा रस्ता पायांवरून वळसा घालून जातो आणि तो वळसा इंडक्टन्ससारखा वागतो, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या करंटला अडवतो. ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओला त्याचं फारसं वाटत नाही. २.४ गिगाहर्ट्झला कळायला लागतं आणि ५-६ गिगाहर्ट्झला चांगलंच नडतं. शिवाय अंग कडेला टेकलेलं नसलं की पान्याचा सगळा जोर पॅडवर येतो.

जाडी व्हर्नियरने मोजा. १.६ मिमीसाठी केलेला एसएमए १ मिमीच्या बोर्डावर चढवून उरलेली फट सोल्डरने भरलेली मी बरीच पाहिलीये. विजेच्या दृष्टीने जोड होतो, पण ताकद त्यात नसते. बोर्डाच्या जाडीचाच कनेक्टर मागवा, तो मिळतो. अगदीच अडलं तर तांब्याच्या पत्र्याची पट्टी कापून, दोन्ही बाजूंनी टिन करून (सोल्डरचा पातळ थर चढवून), फटीत सारा.

हेडरचं गणित वेगळं आहे. २.५४ मिमी पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) हेडरच्या पिना ०.६४ मिमीच्या चौकोनी असतात, म्हणजे दोन ओळींच्या मधली मोकळी जागा १.९० मिमी. बोर्ड १.६ मिमी. उरले ०.३ मिमी, त्यात दोन्ही बाजूंचं तांबं आणि त्यावरचा मुलामा. बोर्ड सैल बसणारच. तो खालच्या ओळीवर टेकवून सोल्डर केला तर खालचे जॉइंट पातळ, वरचे फुगलेले, आणि हेडर एका बाजूला झुकलेला. साध्या छपाईच्या कागदाची जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते. एका टोकाला बोर्ड आणि पिना यांच्यामध्ये वर आणि खाली कागदाची एकेक चिंधी घाला, दुसऱ्या टोकाच्या वरच्या-खालच्या पिना टॅक करा (थोड्याशा सोल्डरने तात्पुरत्या अडकवा), चिंध्या ओढून काढा, मग हे टोक टॅक करा. याच हिशोबाने १.२७ मिमीचा हेडर, ज्याच्या पिना ०.४ मिमीच्या असतात, तो ०.८ मिमीच्या बोर्डावर छान बसतो. कपवाला नऊ पिनांचा डी-सब कनेक्टर कडेवर सरकवून पाच कप वर आणि चार खाली सोल्डर करतात, तीही याच जातीची युक्ती.

हेडरला त्याचा जोडीदार सॉकेट लावूनच सोल्डर करा. स्वस्त हेडरचं काळं प्लास्टिक गरम झालं की मऊ पडतं आणि पीन आपली जागा सोडते. सॉकेट तिला सरळ धरून ठेवतो. तो सॉकेट त्याच कामासाठी बाजूला ठेवा, मालात लावू नका.

आता उष्णता. एसएमएचं अंग म्हणजे पितळेचा ठोकळा, आणि त्याचे पाय ज्या पॅडवर बसतात तो पॅड व्हायांनी (बोर्डाच्या आरपार जाणाऱ्या, आतून तांबं चढवलेल्या भोकांनी) दोन्ही बाजूंच्या ग्राउंड प्लेनला, म्हणजे तांब्याच्या सलग थराला, शिवलेला. टिप टेकवली की उष्णता दोन्हीकडे पळते. बारीक अणकुचीदार टिपेत उष्णतेचा साठाही कमी आणि टेकण्याची जागाही कमी, त्यामुळे स्टेशनच्या पडद्यावर ४५० दिसत असलं तरी पायापाशी सोल्डर वितळेल इतकीही उष्णता पोचत नाही. या दरम्यान तीन गोष्टी घडतात. फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड काढून सोल्डर पसरायला मदत करणारा पदार्थ) जळून काळा पडतो. टिपेवर ऑक्साइड चढतो, त्याने उष्णता आणखी अडते. आणि पॅडच्या पट्ट्याला टिप थेट टेकलेली असल्याने त्याच्याखालचं रेझिन मऊ होतं. साध्या एफआर-४ चा (बोर्डाच्या काचतंतू-रेझिनच्या पत्र्याचा) काच-संक्रमण बिंदू, म्हणजे ज्यावर रेझिन मऊ पडतं ते तापमान, १३० ते १४० अंशांच्या आसपास असतो, त्याच्यावर तांब्याची पकड कमी होत जाते. सोल्डर वितळत नाही म्हणून तुम्ही दाब वाढवता, आणि पॅड निघून येतो. पॅड उचकटतो तो रेंगाळण्यामुळे आणि दाबामुळे.

म्हणून टिप रुंद घ्या. ३ ते ५ मिमीची छिन्नीसारखी किंवा सुरीसारखी, जिची सपाट बाजू पाय आणि पॅड दोघांना एकदम टेकेल. टिपेतच हीटर असलेला कार्ट्रिजचा आयर्न असेल तर उत्तम, कारण तो टिप थंड पडताच लगेच सावरतो. शिशाच्या ६३/३७ सोल्डरला (६३ टक्के टिन, ३७ टक्के शिसं), जो १८३ अंशांना वितळतो, ३४० ते ३६० ठेवा. लेड-फ्रीला, म्हणजे टिन-चांदी-तांब्याच्या नेहमीच्या मिश्रणाला, जे २१७ ते २२० अंशांत वितळतं, ३७० ते ३८०. याच्या वर जावंसं वाटलं तर टिप बदला किंवा खालून उष्णता द्या. चार-पाच सेकंदांत सोल्डर वाहिला नाही तर आयर्न उचला, गार होऊ द्या आणि कारण शोधा.

खालून उष्णता देणं हा या कामातला सगळ्यात मोठा फरक आहे. ज्या वर्कशॉपमध्ये महागडं सोल्डरिंग स्टेशन आहे पण प्रीहीटर नाही, तिथे मी स्टेशन विकून साधा आयर्न आणि छोटी हॉटप्लेट घ्या असंच सांगेन. बोर्ड १०० ते १२० अंशांवर आणून ठेवला की आयर्नचं काम निम्म्यावर येतं. एवढ्याच अंशांचं कारण वर आलंच आहे; रेझिन मऊ व्हायच्या अलीकडे थांबायचं. अडचण अशी की कनेक्टरचे पाय बोर्डाच्या खालूनही येतात, त्यामुळे बोर्ड प्लेटवर सपाट बसत नाही. त्यासाठी ३-४ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी प्लेटवर ठेवा, बोर्ड तिच्यावर, आणि कनेक्टर पट्टीच्या बाहेर लोंबता. खालच्या बाजूला पार्ट असतील तर पट्टी जमणार नाही. तिथे रुंद नोझलने खालून गरम हवा सोडा. प्लेटवरचा आकडा प्लेटचा असतो, बोर्डाचा नसतो. बारीक थर्मोकपल (तापमान मोजायची तार) पॉलिइमाइड टेपने बोर्डाला चिकटवून एकदा फरक पाहून ठेवा.

फ्लक्स जेलचा, रोझिनचा किंवा नो-क्लीन (न धुता चालणारा), आणि सढळ हाताने. वायरच्या पोटातला फ्लक्स या आकाराच्या जॉइंटला पुरत नाही. पाइप जोडायचा ॲसिड फ्लक्स टेबलावरसुद्धा आणू नका. तो पायांखाली अडकून राहतो आणि महिन्यांनी हिरवा पडतो.

क्रम कसा ठेवायचा? वरच्या एका ग्राउंड पॅडवर थोडा सोल्डर आधी लावून घ्या, तोही पातळ. गोळा झाला तर पाय आत सरकणार नाही. कनेक्टर सरकवा, कडेला घट्ट टेकवा आणि त्याच पायाला टॅक करा. भिंगातून बघा: मधली पीन ट्रॅकच्या मधोमध आहे ना, अंग कडेला टेकलंय ना. नसेल तर टॅक पुन्हा वितळवून सरळ करा. आता मोकळेपणाने करता येतं. चारही पाय झाल्यावर येत नाही. मग तिरक्या समोरचा, म्हणजे खालच्या बाजूचा दुसऱ्या टोकाचा पाय. मग उरलेले दोन. शेवटी पहिला टॅक फ्लक्स घालून पुन्हा पूर्ण वाहवा.

मधली पीन सगळ्यात शेवटी, तीही अंग हाताला सोसेल इतकं गार झाल्यावर. बरेच जण ती आधी करतात कारण ती सोपी आहे. पण पिनेभोवतीचा पांढरा इन्सुलेटर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) असतो. तो ३२७ अंशांपर्यंत वितळत नाही, पण तापला की पितळेच्या कितीतरी पट फुगतो आणि पिनेला जागेवरून हलवू शकतो. पीन आधी पक्की केली तर त्या फुगण्याचा सगळा ताण तिच्या जॉइंटवर आणि खालच्या ट्रॅकवर येतो. अंग गरम असताना पक्की केली तर गार होताना तो ताण कायमचा आत कोंडला जातो. केबल आवळल्यावर सिग्नल जाणाऱ्या तुमच्या बोर्डांत याचा वाटा असणार असं मला वाटतं.

जॉइंट झाला हे कसं कळतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. टिप पाय आणि पॅडच्या कोनात टेकवली की आधी फ्लक्स उकळतो, बुडबुडे येतात. सोल्डर टिपेपाशी लावला की पहिल्या क्षणी तो गोल, फुगीर असतो, त्याची कड पॅडवर उभी असते. वायर टिपेच्या पलीकडून, पायाला टेकवून देत राहा. मग एका क्षणी तो फुगवटा अचानक बसतो, कड पातळ होऊन पॅडभर पसरते आणि पायाच्या लांबीने चांदीसारखी रेघ कनेक्टरच्या अंगाकडे धावते. ती रेघ मुळाशी पोचेपर्यंत आयर्न ठेवायचा, नंतर अर्धा सेकंद, आणि बाजूला. सोल्डर टिपेने ढकलून पसरवू नका. जिथे उष्णता आणि फ्लक्स आहे तिथे तो आपणहून जातो. ढकलून पसरवलेला म्हणजे वरून गुळगुळीत, आतून ड्राय, म्हणजे धातूला न धरलेला.

इतकं करूनही सोल्डर कनेक्टरला धरत नसेल तर कनेक्टरचा मुलामा बघा. पॅसिव्हेट केलेल्या (ऑक्साइडचा संरक्षक थर पक्का केलेल्या) स्टेनलेस स्टीलच्या अंगाला नेहमीचा फ्लक्स लागू पडत नाही. ते कनेक्टर स्क्रूने आवळायचे असतात. जुना, काळवंडलेला निकेलचा मुलामाही त्रास देतो. सोन्याचा मुलामा पटकन धरतो, पण जाड असेल तर सोनं सोल्डरमध्ये विरघळतं आणि वजनाच्या साधारण तीन-चार टक्क्यांच्या वर गेलं की जॉइंट ठिसूळ होतो. त्यासाठी पाय आणि पीन आधी टिन करून, विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) तो सोल्डर काढून टाकून, पुन्हा ताजा लावायचा. स्वस्त कनेक्टरवर सोनं इतकं पातळ असतं की हा खटाटोप वाया जातो. बोर्डाच्या पॅडवरचं सोनंही, साधारण ०.०५ ते ०.१ मायक्रॉनचं, काळजी करण्याइतकं नसतं. ज्या कनेक्टरच्या कागदावर सोन्याची जाडी दिलीये त्यालाच हे करा.

मधल्या पिनेवर सोल्डर कमी. १.६ मिमी एफआर-४ वर साध्या मायक्रोस्ट्रिपचा (खालच्या बाजूला ग्राउंड प्लेन असलेला) ५० ओहमचा ट्रॅक सुमारे ३ मिमी रुंद येतो; त्यावर आधीच पीन बसली आहे, वर सोल्डरचा डोंगर म्हणजे आणखी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण), तो सिग्नलला नडतो. पिनेचा आकार सोल्डरखाली ओळखू यायला हवा. गिगाहर्ट्झच्या खाली काम करत असाल तर थोडं जास्त झालं म्हणून पुन्हा उकरत बसू नका. प्रत्येक पुनर्तापाने पॅडची पकड कमीच होते.

धुताना कनेक्टरचं तोंड वर आणि बोर्ड खाली धरा, तोंडाला टोपी लावलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळलेलं रोझिन खाली, बोर्डाकडे वाहून जाऊ द्या. उलट धरलं तर तेच रोझिन कनेक्टरच्या तोंडात उतरतं आणि वाळून मधल्या संपर्कावर पापुद्रा धरतं. असा बोर्ड मल्टिमीटरवर कधी पास होतो, कधी नापास, आणि सोल्डरिंगला उगाच दोष लागतो.

केबल आवळण्याबद्दल. नट फिरवताना दुसऱ्या पान्याने कनेक्टरचं चौकोनी अंग धरायचंच. बोर्ड हातात धरून नट आवळला तर सगळा पीळ चार पॅडांतून जातो. पितळी एसएमएला साधारण अर्धा न्यूटन-मीटर पुरतो. स्टेनलेस स्टीलच्या कनेक्टरसाठीचे टॉर्क रेंच त्याच्या दुपटीच्या आसपास सेट केलेले असतात, ते उचलून वापरू नका. जाड, ताठ केबल बोर्डाजवळच कुठेतरी बांधून घ्या. आणि कनेक्टर डब्याच्या भोकातून बाहेर येत असेल तर आधी पॅनेलवरचा नट आवळा, बोर्डाचे स्क्रू नंतर. उलट केलं तर भोकाची चूक जेवढी असेल तेवढा बोर्ड वाकतो आणि तो ताण जॉइंट कायम वाहत राहतात.

तपासणी फार लांबवत नाही. भिंगाखाली पायांच्या मुळाशी रेघ पोचलेली दिसली पाहिजे. मल्टिमीटरने मधली पीन आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही हे बघा, मग मीटर बीपवर ठेवून कनेक्टरच्या मधल्या संपर्कापासून ट्रॅकपर्यंत, कनेक्टर बोटाने हलका दाबत. नॅनोव्हीएनए (रेडिओ सिग्नल मोजणारं छोटं यंत्र) असेल तर पहिला चांगला बोर्ड जपून ठेवा आणि बाकीच्यांचा रिटर्न लॉस, म्हणजे किती सिग्नल उलटून परत येतो त्याचं माप, त्याच्याशी ताडून बघा. आकड्यापेक्षा दोन बोर्डांमधला फरक जास्त बोलतो.

पुढच्या वेळी बोर्ड काढताना ग्राउंडचे पॅड कनेक्टरच्या पायांपेक्षा एखाद मिलिमीटर लांब ठेवा, म्हणजे टिपेला टेकायला जागा मिळते. त्यांच्याभोवती व्हायांची रांग द्या. व्हाया पॅडला खालच्या थराशी खिळवूनही ठेवतात. एसएमएच्या ग्राउंड पॅडला थर्मल रिलीफ (उष्णता पळू नये म्हणून पॅड प्लेनला फक्त बारीक पट्ट्यांनी जोडणं) देऊ नका, प्रीहीटर आहे म्हटल्यावर त्याची गरज नाही. हेडरच्या ग्राउंड पिनांना मात्र जरूर द्या. आणि जोडपट्ट्या कनेक्टरच्या कडेला येणार नाहीत अशा जागी टाकायला सांगा. कानशीचं निम्मं काम तिथेच वाचतं.

आधीचे तिरके बोर्ड दुरुस्त करायचे असतील तर कनेक्टर ओढून काढायला जाऊ नका. बोर्ड खालून गरम करा, चारही पायांवर टिन-बिस्मथचा, १३८ अंशांना वितळणारा सोल्डर मिसळा. मिश्रण इतका वेळ वितळलेलं राहतं की कनेक्टर चिमट्याने अलगद सरकतो. नंतर पॅड आणि पाय विकने पूर्ण साफ करा. यात हयगय नको, कारण शिसं, टिन आणि बिस्मथ एकत्र आले की ९६ अंशांच्या आसपास वितळणारं मिश्रण तयार होऊ शकतं, आणि डब्यात तापणाऱ्या बोर्डावर तसा जॉइंट टिकणार नाही. ज्यांचा पॅड आधीच उचकटलाय त्यातले फक्त खालच्या बाजूचा एखादा पॅड गेलेले ठेवा, उरलेल्या तीन पायांवर भागतं. वरचा, मधल्या पिनेशेजारचा पॅड गेला असेल तर तो बोर्ड फर्मवेअर तपासायला वापरा, गिऱ्हाइकाला देऊ नका.